नव्वदच्या वेगातला आवाज

बालिक्चीत वारा झोपतो तो फक्त उजाडल्यानंतरचा थोडा वेळ. घळीतून येणारा उलान वारा तेव्हा अजून उठलेला नसतो आणि सरोवरावरून उलटा येणारा सान्ताश वाटेत कुठेतरी रेंगाळत असतो. त्या दोघांच्या मधल्या फटीत इस्सिक-कुल सरोवराचं पाणी इतकं निवांत पडलेलं असतं की पलीकडचे बर्फाचे डोंगर कुठे संपले आणि त्यांचं पाण्यातलं रूप कुठे सुरू झालं, ते डोळ्यांना सांगता येत नाही. आमचं काम त्याच वेळात चालायचं.

काम म्हणजे गाड्यांच्या आतला आवाज मोजणं. मिर्झाकुल आके, म्हणजे मिर्झाकुल दादा, यांच्या कारखान्यात गाड्या शांत करून मिळायच्या. दारांचे आणि जमिनीचे पत्रे उघडे करायचे, त्यांना डांबरी चटया चिकटवायच्या, वर लोकरीचा जाड नमदा, आणि जिथे जिथे फट असेल तिथे नवं रबर. लोक जुन्या जपानी, जर्मन गाड्या घेऊन यायचे. गाडी उघडण्याआधी एकदा आणि बंद केल्यावर एकदा मी तिच्यात बसून मोजमाप घ्यायची. मग तो आकडा आमच्या तक्त्यात चढायचा. तो तक्ता आम्ही इंटरनेटवर ठेवला होता. कुठली गाडी आतून किती बोलते, कुठली कमी, हे वाचून ओशपासून अल्माटीपर्यंतचे लोक एकमेकांशी भांडायचे. आपली गाडी खालच्या क्रमांकावर गेली की काहींना घरातलं माणूस बिघडल्यासारखं दुःख व्हायचं.

ओत्तुकच्या बाजूला रस्त्याचा एक सपाट, गुळगुळीत तुकडा होता. डावीकडे सरोवर, उजवीकडे तांबूस टेकड्या. सगळ्या गाड्या त्याच तुकड्यावर, त्याच वेगाला. काचा बंद, पंखा बंद, तोंडं बंद. मी शेजारच्या सीटवर कानाच्या उंचीला यंत्र धरून बसायची आणि मिर्झाकुल आके गाडी हाकायचे. साठीचा, बैलासारखा आडवा माणूस, पण मोजमाप चालू असताना श्वाससुद्धा मांजरासारखा घ्यायचा. नव्वदच्या वेगाला गाडी पोचली की मला नेहमी वाटायचं, आपण रस्त्यावरून चाललेलो नाही, पाण्याखालून चाललो आहोत. झाडं येत, जात. एखादा घोडेस्वार तोंड उघडून काहीतरी बोलताना दिसे, आणि त्याचे शब्द काचेवर आपटून बाहेरच राहत. त्या बिनशब्दांच्या वेळेवर माझा जीव जडला होता. मला तेव्हा वाटायचं, शांतता ही एकच गोष्ट आहे, आणि ती जितकी जास्त तितकी चांगली.

सप्टेंबरात एर्नाझार आपल्या आईला घेऊन आला.

एर्नाझारचं बिश्केकमध्ये चष्म्यांचं दुकान होतं. उंच, नीटनेटका, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे असा बघायचा की नंबर तपासतोय असं वाटावं. गाडी नवीकोरी नसली तरी तिच्या तोलामोलाची गाडी आमच्याकडे क्वचितच येई. मोठी, पांढरी, अर्धी विजेवर चालणारी. मी मोजली तेव्हाच ती तक्त्यात पहिल्या पाचांत बसली.

"हिला आणखी काय शांत करायचं?" मिर्झाकुल आके म्हणाले. "हिच्यात माशी शिरली तरी माफी मागेल."

"तरी करा," एर्नाझार म्हणाला. "माझ्या आईच्या कानांना त्रास आहे. दोन वर्षं झाली. डॉक्टर सगळे झाले. आधीची गाडी खडखडायची म्हणून ती विकून ही घेतली. आता हिच्यातला उरलासुरला आवाजही काढून टाका. तिच्या कानांना विश्रांती मिळाली पाहिजे."

आई गाडीतून उतरून एव्हाना टायरांच्या ढिगावर जाऊन बसली होती. पांढरा रुमाल डोक्याला, किरकोळ बांधा, हात मात्र मोठे. नाव कालिपा; वयाच्या मानानं सगळे आपा म्हणायचे. कोच्कोरच्या. पुढे कळलं, त्यांना सगळा कोच्कोर ओळखायचा. तेमिर-कोमुझ वाजवायच्या त्या. दातांशी धरून बोटानं छेडायचं ते बोटभर लोखंड, मोरचंगाच्या जातीचं. ते ओठांत धरून कालिपा आपा कोकिळा, झरा, घोड्याची दुडकी चाल, सगळं काढून दाखवायच्या. दोन वर्षं झाली, त्यांनी ते पेटीत घालून ठेवलं होतं.

"आई, गाडी दोन-तीन दिवसांत होईल," एर्नाझार त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाला. सगळेच त्यांच्याशी हळू बोलायचे. 

"मी बहिरी नाही आणि मेलेही नाही," आपा म्हणाल्या. "सरळ बोल."

गाडी उघडली, भरली, बंद केली. मिर्झाकुल आकेंनी जीव ओतला. चाकांवरच्या कमानींना दुहेरी थर दिला, दारांना रबराची दुसरी ओळ लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं ओत्तुकच्या रस्त्यावर आलो. आके चाकाशी, मी शेजारी, मागे आई आणि मुलगा. पाणी आरशासारखं. आकेंनी वेग वाढवला. साठ. नव्वद. माझ्या हातातला आकडा खाली खाली येत गेला आणि असा जागी थांबला की मी यंत्र उलटं करून पाहिलं, बिघडलं तर नाही ना. तक्त्यातली कुठलीच गाडी इथवर आली नव्हती. गाडी चालली आहे हे फक्त डोंगर सरकत होते म्हणून कळत होतं. आकेंच्या चेहऱ्यावर नातवंडाला पहिल्यांदा पाहिल्यासारखं हसू पसरलं.

"थांबवा," मागून आवाज आला.

मोजमापात कुणी बोललं म्हणून मी दचकून मागे वळले. कालिपा आपांनी दोन्ही तळवे कानांवर दाबले होते. डोळे मिटलेले, आणि गालावरून पाणी चाललेलं.

"थांबवा गाडी."

आकेंनी गाडी कडेला घेतली. ती पुरती थांबायच्या आधीच आपांनी दार उघडलं आणि वाळूतून सरळ पाण्याकडे चालू लागल्या. एर्नाझार मागे धावला, तर त्यांनी मागे न बघता हात हलवून त्याला थोपवलं. तो परत येऊन गाडीला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. ज्याच्यासाठी एवढं केलं, तेच अंगावर आलं होतं.

मी गेले. पाण्याच्या कडेला बारीक लाटा गोट्यांवर फुटत होत्या आणि आपा त्यांच्या अगदी जवळ, बूट भिजतील इतक्या जवळ उभ्या होत्या.

"आपा, काय झालं?"

"त्या गाडीत फार मोठ्यानं वाजतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं चेष्टा करतात. "आपा, त्याहून शांत गाडी मी अजून पाहिली नाही."

"तेच म्हणतेय, माझ्या शिंगरा. बाहेर सगळं गप्प झालं की आतलं मोकळं सुटतं." त्यांनी कानामागे बोट टेकवलं. "इथे एक सूर आहे. बारीक. काचेवर सुई ओढल्यासारखा. जराही थांबत नाही. बाजारात असले, माणसांत असले की तो गर्दीत हरवतो. घरात आले, दारं लावली, की माझ्यासमोर येऊन बसतो. आणि माझं पोर मला दारं लावून देतंय. या खोलीची त्या खोलीची, आता गाडीचीही."

"त्याला सांगितलं का नाही?"

"त्यानं जुनी गाडी विकली ती माझ्यासाठी. मग नवी घेतली. आता काय सांगू, तुझी माया मला टोचते म्हणून?"

लाटा फुटत राहिल्या. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल होत गेली, जसा एखादा माणूस दुसऱ्याच्या बोलण्यात आपलं दुखणं विसरतो तशी. त्या लाटांचा आवाज मी तोवर मोजमापातली अडचण समजत आले होते.

आम्ही परत आलो. मी एर्नाझारला सगळं सांगितलं, कारण आपांनी स्वतः सांगितलं नसतं. तो ऐकत होता आणि बघत होता दुसरीकडेच.

"मग काय, आईला भंगाराच्या गाडीतून फिरवू?" तो शेवटी म्हणाला.

"तू जा बिश्केकला, दुकान बघ," आपा म्हणाल्या. "मी इथे राहते थोडे दिवस. माझी आतेबहीण आहे स्टेशनामागे. ही पोरगी रोज नव्या गाडीत बसते. मीही बसेन तिच्याबरोबर."

"गाड्यांत बसून काय होणार?"

"बघेन तरी, कुठल्या गाडीला माझ्या कानांपेक्षा जास्त बोलता येतं."

एर्नाझार गेला. जाताना त्यानं आईच्या खांद्यावर शाल नीट केली आणि मला म्हणाला, "तुमच्या यंत्रानं तिला थकवू नका." त्यात टोमणा होता आणि काळजीही होती. दोन्ही मी ठेवून घेतलं.

त्यानंतरच्या सकाळी मला स्वप्नातल्यासारख्या आठवतात. कारखान्यात जी गाडी येई तिच्या मागच्या सीटवर कालिपा आपा आधीच जाऊन बसलेल्या असत, मांडीवर बोरसोकांची पिशवी. त्या तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचा वास गाडीभर. मोजमाप संपेपर्यंत खायचे नाहीत, हे त्यांनी कबूल केलं होतं. गाडी नव्वदला गेली की त्या डोळे मिटायच्या. मी आकडा बघायची, त्या आपलं आतलं बघायच्या. तुकडा संपला की मी विचारायची, "कुठे आहे?"

"इथेच. अगदी नाकासमोर." किंवा, "थोडा मागे सरकलाय." किंवा, "आज दाराशी जाऊन उभा राहिलाय, पण जात नाही."

डांबराच्या सडकेवर ऊन चढत जाई, जर्दाळूच्या बागा पिवळट होऊ लागल्या होत्या, आणि आम्ही तिघं एकामागून एका गाडीत बसून एकाच रस्त्यावरून जात-येत होतो. आकेंना हे सगळं उफराटं वाटत होतं.

"जन्मभर लोकांना शांतता विकली," ते म्हणायचे, "आणि आता म्हातारपणी सगळ्यात जास्त बोंबलणारी गाडी शोधतोय. कुणी ऐकलं तर कारखान्याला कुलूप."

"मी तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे," मागून आपा म्हणायच्या. "म्हातारपण मला ठेवा. तुम्ही गाडी हाका."

एका गोष्टीनं मला बुचकळ्यात टाकलं. एके दिवशी दोन गाड्या आल्या. दोन्हींचा आकडा तंतोतंत एक. तक्त्यात त्या एकाच ओळीत बसल्या असत्या. पहिलीत बसून आपा म्हणाल्या, काडीचा फरक नाही. दुसरीतून उतरताना म्हणाल्या, बरं वाटलं, हवा बदलल्यासारखं. मी दोन्ही गाड्यांचा आवाज यंत्रात साठवलेला होता. दुपारी वारा सुटल्यावर काम बंद झालं, तेव्हा मी तो संगणकावर उघडून बसले. आवाज पडद्यावर पसरला की धान्य चाळल्यासारखा वेगळा होतो. एका टोकाला जाडंभरडं, म्हणजे टायरांची घरघर आणि इंजिनाचं गुरगुरणं. दुसऱ्या टोकाला बारीक, म्हणजे वाऱ्याची सळसळ, शीळ. पहिल्या गाडीत सगळं भरडच होतं. दुसरीत बारीक टोकालाही थोडी धूळ उडालेली दिसत होती. एवढे दिवस मी पोत्याचं वजन करत होते. आत काय आहे ते पाहिलंच नव्हतं.

मी आपांकडे गेले. त्या आतेबहिणीच्या अंगणात लोकर पिंजत होत्या.

"आपा, तुमचा सूर मला ऐकवता येईल का?"

"तो मलाच ऐकायचा नाहीये, तुला कसा ऐकवू?"

"तोंडानं काढून."

त्यांनी प्रयत्न केला. गळा तिथवर पोचेना. शिट्टीही पोचेना. मग त्यांनी हातातली लोकर बाजूला ठेवली. उठल्या, आत गेल्या आणि एक लांबट लाकडी पेटी घेऊन बाहेर आल्या.

"हे मी का बंद केलं, माहीत आहे?" पेटी मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या. "वाजवताना मला कळेनासं झालं, यातला माझा सूर कुठला आणि त्याचा कुठला. सारखं वाटायचं, कुणीतरी माझ्यावर वाजवतंय."

त्यांनी लोखंड दातांशी धरलं. बोटानं पट्टी छेडली. खाली एक जाड, एकच एक गुणगुण, आणि तिच्यावर, तोंडाच्या पोकळीतून निघणारे सूर, एकावर एक चढत जाणारे. त्यांचे गाल आत ओढले जात, ओठ सरकत, जीभ आत कुठेतरी वाट शोधत होती. ही नाही, अशी मान हलवत त्या वर वर जात राहिल्या. आतेबहीण दारात येऊन थबकली होती. मग एका जागी आपा थांबल्या. डोळे उघडले. बोट छेडतच होतं आणि गुणगुणीच्या खूप वर एक तलम, जवळजवळ नसलेला सूर अंगणावर तरंगत होता. त्यांनी दुसऱ्या हातानं स्वतःच्या कानाकडे बोट केलं. हाच.

दोन वर्षं जे फक्त त्यांच्या डोक्यात होतं ते आता उन्हात, लोकरीच्या ढिगावर, आम्हा तिघींच्या मध्ये होतं. मी साठवून घेतलं. पडद्यावर पाहिलं तर बारीक आवाजांच्या पार टोकाकडे एक उंच सुळका.

त्या संध्याकाळी मी साठवलेल्या सगळ्या गाड्या चाळल्या. त्या सुळक्याला झाकेल इतकी सळसळ कुठल्याच गाडीत नव्हती. असणार कशी? आमच्याकडे येणाऱ्या गाड्या जपलेल्या माणसांच्या, आणि जिथे थोडी फट असे तीही आम्ही बुजवून टाकत होतो.

"आके," मी विचारलं, "रबर पार सडलेली गाडी कुठे मिळेल?"

आके चहा पीत होते. त्यांनी कपावरूनच कारखान्याच्या मागच्या बाजूला मान वळवली. तिथे त्यांचा पाव उभा होता. जुनी सोव्हिएत व्हॅन, आकारानं अगदी भाजलेल्या पावासारखी, म्हणून सगळे तिला पावच म्हणायचे. तिच्यातून नमद्याचे गठ्ठे वाहायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, गावभरच्या गाड्या गप्प करणाऱ्याची स्वतःची गाडी बोलायची थांबत नव्हती. तिचं मोजमाप आम्ही कधी घेतलंच नव्हतं. लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी नमद्याच्या गठ्ठ्यांमध्ये जागा करून आपांना बसवलं. ओत्तुकच्या रस्त्याला त्या दिवशी जाता येत नव्हतं. तिकडे पूल दुरुस्तीला घेतला होता. म्हणून आके कोच्कोरच्या रस्त्याला लागले. नव्वद गाठणं तिच्या नशिबात नव्हतं, पण सत्तरलाच दारांच्या कडांतून वारा शिरू लागला. आधी फुसफुस, मग सळसळ, आणि मग सगळ्या गाडीभर एक पांढरी, दाट शीळ, कोरड्या गवतातून हजार साप चालल्यासारखी. यंत्रातला आकडा मी तुम्हाला सांगत नाही, आकेंना अजूनही ते आवडणार नाही.

ओर्तो-तोकोयचं धरण आलं. हिरवं पाणी, उघडे डोंगर, ढगांच्या सावल्या चरायला सोडल्यासारख्या उतारांवरून फिरत होत्या. मी मागे वळून ओरडले, "आपा, कुठे आहे?"

उत्तर आलं नाही. कालिपा आपा गठ्ठ्यावर कलंडल्या होत्या. तोंड थोडं उघडं, रुमाल एका बाजूला सरकलेला, एक हात उताणा. मी क्षणभर घाबरले. मग त्यांची छाती सावकाश वरखाली होताना दिसली. आतेबहिणीनं मला सांगितलं होतं, ही रात्रभर उशी फिरवत बसते, डुलकी लागते तीही चोरासारखी. आणि इथे त्या अशा झोपल्या होत्या, जशी फक्त लहान मुलं झोपतात.

मी आकेंच्या दंडाला हात लावला आणि मागे खूण केली. त्यांनी आरशात पाहिलं. परत फिरायची जागा जवळ आली होती. त्यांनी वेग कमी केला नाही. जागा आली आणि गेली.

"कुठे जायचं?" मी त्यांच्या कानात ओरडले.

"रस्ता आहे तोवर," ते ओरडले.

कोच्कोर आलं. बाजाराचा दिवस होता, पण आके गावात न शिरता बाहेरच्या रस्त्यानं निघाले. थांबलो असतो तर शीळ थांबली असती. वाळलेल्या गवताचे भारे, धूळ, शेळ्यांचा कळप कडेला दाबून उभा, पोप्लरच्या झाडांच्या रांगा. मी इतका मोठा आवाज इतका वेळ कधी ऐकला नव्हता. पहिल्यांदा तो कानांवर आपटत होता. मग आपटेनासा झाला. मग मला त्यात दुसरंच काही ऐकू येऊ लागलं, नदी, माणसांचा घोळका, कुणीतरी लांबून माझं नाव घेत असल्यासारखं. आणि कधीतरी मला जाणवलं की नव्वदच्या वेगाला, त्या शांत गाड्यांमध्ये मला जे वाटायचं, तेच मला आत्ता वाटतंय. पाण्याखालून चालल्यासारखं.

आमच्या मागे एक पांढरी गाडी लागली होती. एर्नाझार. तो सकाळी बालिक्चीत पोचला होता, कारखान्यात कळलं तसा मागोमाग निघाला होता. नंतर त्यानं सांगितलं की त्यानं हॉर्न वाजवून वाजवून तळहात दुखवून घेतला. आम्हाला काय ऐकू येणार? शेवटी तो गाडी आमच्या शेजारी आणून चालवू लागला. त्याची काच खाली होती आणि तो काहीतरी रागानं बोलत होता, त्या घोडेस्वारांसारखा, बिनआवाजाचा. मी बोटानं मागची खिडकी दाखवली. त्यानं वाकून आत पाहिलं.

त्याचं तोंड बंद झालं. तो बराच वेळ तसाच, आमच्या बरोबरीनं, आईकडे आणि रस्त्याकडे आलटून पालटून बघत राहिला. मग समोरून एक ट्रक आला तेव्हा त्यानं गाडी मागे घेतली, आणि तो मागेच राहिला. आम्ही पुढे, तो मागे. सारी-बुलाक गेलं. तिथल्या रस्त्याकडेच्या चुलींचा धूर गाडीत शिरला आणि बाहेर पडला.

दोलोन घाटाचा चढ लागला तशी पावाला धाप लागली. साठ, पन्नास, चाळीस. शीळ पातळ होत होत फाटली आणि तिच्यातून इंजिनाचा खोकला वर आला. कालिपा आपांनी डोळे उघडले.

"कुठे आलो?"

"दोलोनच्या पायथ्याशी, आपा."

त्या उठून बसल्या. रुमाल नीट केला. आके गाडी थांबवून बोनेट उघडायला उतरले. एर्नाझार धावत आला आणि दार ओढून उघडलं.

"आई, बरी आहेस?"

"स्वप्न पडलं," त्या त्याच्याकडे न बघता, समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाल्या. "मोठी खोली होती. लोक बसले होते. आणि कुणी काही वाजवत नव्हतं."

एर्नाझार गठ्ठ्यावर त्यांच्या शेजारी बसला. मी उतरून लांब गेले. पाठमोरी होते तरी त्याचं बोलणं कानावर पडलं. "मला का नाही सांगितलंस?" आणि आपांचं, "तू विचारलंस कधी? तू नेहमी दारं लावत होतास." मग दोघंही हसले, कशावर ते मला ठाऊक नाही.

परतताना एर्नाझार पावातच बसला आणि त्याची गाडी मी चालवत मागून आणली. त्या मखमली शांततेत एकटी बसून मी पावाच्या मागच्या खिडकीतून त्या दोघांना बघत होते. शिळेमुळे त्यांना एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत होतं. आधी आई ओरडायची, मग मुलगा. हातवारे, मांडीवर थापा. दोन वर्षं हळू आवाजात बोललेली माणसं सगळं मोठ्यानं परत बोलून घेत होती.

बालिक्चीत आल्यावर एर्नाझार आकेंना म्हणाला, "माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराचं रबर कापा."

आकेंना वाटलं, त्यांनी चुकीचं ऐकलं. पावात बसून कान भरले असतील.

"फट पाडा," एर्नाझार म्हणाला. "तिच्या कानाशी येईल अशी."

"अरे बाबा, तुझी गाडी माझ्या तक्त्यात पहिली आहे. सबंध देशात पहिली. मी आयुष्यभर फटी बुजवल्या. मला पाडता येत नाही."

"मग दुसऱ्याकडून पाडून घेतो."

आके आत गेले आणि रबर कापायची पातळ सुरी आणून माझ्या हातात ठेवली. "तूच कर," म्हणाले. "मी बघणार नाही." आणि खरंच ते सरोवराकडे तोंड करून बसले.

दोन सकाळी लागल्या. मी वरच्या कोपऱ्यातून नखभर रबर काढायची, एर्नाझार गाडी नव्वदला न्यायचा, आपा मागे डोळे मिटून हातानं खूण करायच्या. अजून. अजून थोडं. एकदा मी जास्त कापलं आणि गाडी लांडग्यासारखी विव्हळली. आपा कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "हा माझा नाही, हा दुसऱ्याच कुणाचा तरी आहे." मग मी अर्धा तुकडा परत चिकटवला. शेवटी एका फेरीत सळसळ अशी उतरली, मऊ, पिठासारखी, पडद्यावरच्या त्या सुळक्याच्या बरोबर अंगावर. आपांनी हात मांडीवर ठेवला. तुकडा संपला.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण आता माझ्याकडे बघत नाहीये."

तो सूर गेला नाही, हे सांगायला हवं. तो कधीच गेला नाही. शहरात, सिग्नलला, हळू गाडीत तर फटीचा उपयोग शून्य. वेग लागतो, मोकळा रस्ता लागतो. म्हणून एर्नाझार दर रविवारी दुकान बंद करून आईला घेऊन निघतो, कधी कांतच्या बाजूला, कधी घळीतून थेट आमच्यापर्यंत. पहिले काही महिने त्या फक्त झोपायच्या. मग जाग्या राहू लागल्या. झोपून झालं असेल. एकदा त्यांनी पेटी सोबत घेतली आणि मागच्या सीटवर, त्या सळसळीच्या आडोशाला, वाजवायला सुरुवात केली. फटीचा आवाज कानातल्या सुराला सांभाळत होता, म्हणून त्यांना स्वतःचा सूर वेगळा ऐकू येत होता.

गेल्या वसंतात एर्नाझारचा फोन आला. त्याचा आवाज वैतागलेला होता.

"आकिलाय, काहीतरी करा. तासभर झाला, घरासमोर गाडी उभी आहे आणि आई उतरत नाही."

"का?"

"म्हणते, गाडी थांबली आणि सूर मध्येच राहिला, तो सोडून कसं उतरू. अजून एक फेरी मार म्हणते." मागून दातांशी धरलेल्या लोखंडाची गुणगुण येत होती, आणि मध्येच थांबून कालिपा आपांचं बोलणं, "आधी टाकी भरून घे."

"कोण, मी?" मी म्हणाले.

"तुम्ही नाही," एर्नाझार म्हणाला. "मला सांगतेय ती." आणि त्यानं गाडी चालू केली.